लोप

गेले सात महिने मी जवळपास रोज एक साधन वापरते आहे. ते ओळींच्या लघुकरणाचा, म्हणजे रो रिडक्शनचा, सराव करून घेतं. दिसायला अगदी साधं आहे. पडद्यावर मोठ्या कंसात आकड्यांचा एक चौकोन, आणि त्याच्याखाली तीन पर्याय. पहिल्याने दोन ओळींची अदलाबदल करता येते. दुसऱ्याने एखाद्या ओळीला शून्य सोडून कुठल्याही संख्येने गुणता येतं. तिसऱ्याने एका ओळीची काही पट दुसऱ्या ओळीत मिळवता येते. कुठली ओळ आणि किती पट एवढं सांगून बटण दाबलं, की साधन तेवढा हिशेब करतं आणि नवा चौकोन जुन्याच्या खाली मांडतं. जुना पुसत नाही. अपूर्णांक आला तर अपूर्णांकच ठेवतं, त्याचा दशांश करून शेपूट तोडत नाही. पुढे काय करायचं हे मात्र सांगत नाही. तासभर नुसतं बघत बसलं तरी नाही.

ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि त्याचं कारण माझ्या धंद्यात आहे.

मी भाषांतरं करते. राहायला वडोदऱ्यात. गुजराती, हिंदी आणि इंग्रजीतून मराठीत. कधीमधी एखादी कथा, पण पोट चालतं ते विम्याच्या माहितीपत्रकांवर, औषधाच्या खोक्यातल्या घडी घातलेल्या चिठ्ठ्यांवर आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या पुस्तिकांवर. ज्या कंपनीकडून मला हे काम येतं तिने अडीच वर्षांपूर्वी पद्धत बदलली. आता मजकूर आधी यंत्रातून जातो. माझ्याकडे येतो तो डावीकडे मूळ आणि उजवीकडे तयार मराठी अशा दोन स्तंभांत. माझ्या कामाला आता 'दुरुस्ती' म्हणतात, आणि दर शब्दामागे पूर्वीच्या निम्म्याहून थोडा कमी आहे.

यंत्राचं मराठी वाईट असतं असं नाही. वाईट असतं तर बरं झालं असतं. ते बरं असतं, आणि त्यातच त्रास आहे. विमा घेतल्यावर ठरावीक मुदतीत तो परत करण्याची सवलत असते, तिला इंग्रजीत 'फ्री लुक पीरियड' म्हणतात. यंत्र त्याचं 'मोफत पाहण्याचा कालावधी' करतं. हे पकडता येतं. पण त्याच पानावरची बाकीची तीस वाक्यं अशी असतात की ती चुकीची नसतात आणि तशी मी कधीच लिहिली नसती. ती वाचून पुढे सरकायचं. संध्याकाळी उठताना वाटतं, आज दिवसभरात आपण ठरवलं काय?

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याला मी विचारलं, या यंत्राच्या पोटात असतं तरी काय? तो म्हणाला, "मावशी, आत सगळे मॅट्रिक्स आहेत. प्रत्येक शब्दाच्या जागी आकड्यांची लांबलचक यादी असते, आणि त्या याद्या मॅट्रिक्सनी गुणत गुणत पुढे ढकलतात." मी म्हटलं, मग मला मॅट्रिक्स शिकव. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. एवढंच म्हणाला, "पायापासून सुरू करावं लागेल. आणि ओळींचं लघुकरण हाताशी बसल्याशिवाय पुढचं काही समजत नाही." त्यानेच हे साधन दाखवलं. त्या यंत्रात लघुकरणाला फारशी जागा नाही, तिथे काम चालतं ते गुणाकारांवर, हे त्याने प्रामाणिकपणे आधीच सांगितलं होतं. पण घरात शिरायचं तर उंबरठ्यावरूनच.

दहावीनंतर गणिताशी माझा संबंध संपला होता. त्यामुळे मी पहिल्यांदा अडकले ती शब्दांतच. मॅट्रिक्स हा लॅटिन शब्द, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गर्भाशय. जेम्स सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने १८५० साली तो गणितात आणला, कारण त्या चौकोनातून निश्चयक जन्माला येतात अशी त्याची कल्पना होती. हिंदी पाठ्यपुस्तकांत त्याला 'आव्यूह' म्हणतात. तो वाचला की अभिमन्यू आठवल्याशिवाय राहत नाही: आत शिरता येतं, बाहेर पडण्याची विद्या वेगळी. तमिळ शाळांत 'अणी' म्हणतात. अणी म्हणजे रांग, सैन्याची फळी, आणि अणी म्हणजे दागिना, अलंकार; काव्यशास्त्रातले अलंकारही अणीच. एका भाषेत गर्भ, दुसरीत युद्धरचना, तिसरीत दागिना. आकडे तेच. कॉलेजातली मराठी मुलं सरळ मॅट्रिक्स म्हणतात आणि पुढे जातात. मी चार दिवस तिथेच रेंगाळले, आणि ते दिवस वाया गेले असं मला वाटत नाही.

मराठी शाळेने मात्र मला एक शब्द देऊन ठेवला होता, तो त्यानंतर वर आला. दहावीच्या बीजगणितात एकसामयिक समीकरणं होती, आणि ती सोडवताना आम्ही 'चलाचा लोप' करत असू. दोन समीकरणांत क्ष आणि य. एकाला योग्य संख्येने गुणायचं, दुसऱ्यातून वजा करायचं, की क्ष नाहीसा. उरलेल्यातून य काढायचा आणि तो पहिल्यात घालून क्ष परत आणायचा. लघुकरण म्हणजे हाच लोप, नीटनेटक्या शिस्तीत. क्ष आणि य लिहायचेच नाहीत, त्यांच्या जागा ठरलेल्या, फक्त आकडे मांडायचे. मग एकेका स्तंभात खालचे आकडे शून्य करत जायचं, पायऱ्यांचा जिना दिसेपर्यंत.

या युक्तीला जगभर गाउसचं नाव आहे. कार्ल फ्रीड्रिश गाउस याने पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेवरच्या १८१० सालच्या लेखात अशा समीकरणांचा पद्धतशीर लोप केला होता. जिन्याच्या वरचे आकडेही शून्य करण्याच्या पुढच्या पायरीला विल्हेल्म योर्डान या जर्मन भूमापकाचं नाव जोडलं जातं. त्याच्या भूमापनाच्या ग्रंथाच्या १८८८ सालच्या आवृत्तीत ती आहे. एकाची नजर आकाशाकडे, दुसऱ्याची जमिनीकडे. पण या दोघांच्याही कितीतरी शतकं आधी चीनमध्ये हे होत होतं, आणि तिथे प्रश्न धान्याचा होता.

'जिउझांग सुआनशू', म्हणजे गणितकलेचे नऊ अध्याय, हा ग्रंथ हान काळातला. लिउ ह्वे याने इसवी सन २६३ मध्ये त्यावर भाष्य लिहिलं. आठव्या अध्यायातला पहिलाच प्रश्न असा: उत्तम धान्याच्या तीन पेंढ्या, मध्यमच्या दोन आणि हलक्याची एक यांतून मिळून ३९ माप दाणे निघतात. उत्तमच्या दोन, मध्यमच्या तीन आणि हलक्याची एक यांतून ३४. उत्तमची एक, मध्यमच्या दोन आणि हलक्याच्या तीन यांतून २६. तर प्रत्येक जातीच्या एका पेंढीतून किती? हिशेब करणारा माणूस पटावर बांबूच्या काड्या मांडायचा, धन संख्यांना तांबड्या आणि ऋण संख्यांना काळ्या. प्रत्येक समीकरण उभ्या स्तंभात, उजवीकडून डावीकडे. मधल्या स्तंभाला तीनने गुणायचं, आणि वरचा आकडा संपेपर्यंत त्यातून उजवा स्तंभ वजा करत राहायचा. असं करत शेवटी उरतं: हलक्या धान्याच्या छत्तीस पेंढ्यांतून नव्याण्णव मापं.

मी हाच प्रश्न साधनात भरला. माझा रस्ता वेगळा होता. तिसरी ओळ मी वर घेतली, कारण तिची सुरुवात १ ने होते, आणि १ वर असला की बाकीच्या ओळी अपूर्णांकांशिवाय साफ होतात. आता वर १, २, ३ आणि २६. त्याखाली २, ३, १ आणि ३४. तळाला ३, २, १ आणि ३९. दुसरीतून पहिलीची दुप्पट काढली: ०, उणे १, उणे ५, उणे १८. तिसरीतून पहिलीची तिप्पट काढली: ०, उणे ४, उणे ८, उणे ३९. दुसरीला उणे एकने गुणून सरळ केलं: ०, १, ५, १८. तिची चौपट तिसरीत मिळवली. तळाला उरलं ०, ०, १२, ३३. म्हणजे हलक्या धान्याच्या बारा पेंढ्यांतून तेहेतीस मापं. छत्तिसांना नव्याण्णव असतील तर बारांना तेहेतीसच. एका पेंढीतून पावणेतीन. मग खालून वर चढत मध्यमच्या पेंढीतून सव्वाचार, उत्तमच्या पेंढीतून सव्वानऊ. पटावर काड्या सरकवणाऱ्याचा रस्ता निराळा, माझा निराळा. पावणेतीन, सव्वाचार, सव्वानऊ दोघांनाही.

भाच्याने नंतर मुद्दाम वाकडी वाट धरली. पहिल्या ओळीला तीनने भागून सुरुवात केली, तर दुसऱ्या क्षणी पडद्यावर दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश उगवले. त्याच्या वाटेने अपूर्णांकांचं रान माजलं, पण तोही तिथेच पोचला. "पोचायलाच हवं," तो म्हणाला. पूर्ण लघुकरण केलेला चौकोन एकच असतो, कुठल्याही वाटेने जा, हे सिद्ध झालेलं आहे. मला हेवा वाटला. दोन चांगले भाषांतरकार एका परिच्छेदातून निघाले तर एकाच मराठीत पोचत नाहीत, आणि पोचले तर एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलंय असं समजावं.

पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. प्रत्येक पायरीला चौकोनातले आकडे बदलतात. चार पायऱ्यांनंतर मूळचं फारसं काही ओळखू येत नाही. तरी त्या समीकरणांची उकल तसूभरही हलत नाही. सगळं बदलून काहीच न बदलणं हेच तर आम्ही आयुष्यभर करू बघतो. ते इथे जमतं कसं? तर तिन्ही कृती उलटवता येतात म्हणून. अदलाबदल पुन्हा केली की ओळी जागेवर. पाचने गुणलेल्या ओळीला पाचने भागता येतं. मिळवलेली तिप्पट काढून घेता येते. जे परत आणता येतं तेच करायचं, एवढाच नियम. म्हणूनच शून्याने गुणायला बंदी. बघावं म्हणून मी एकदा गुणकाच्या जागी शून्य घातलं. साधनाने ते घेतलं नाही. बरोबरच आहे. शून्याने गुणलेल्या ओळीत आधी काय होतं हे कोणालाच सांगता येणार नाही; काहीही असू शकेल.

आमच्या कामात शून्याने गुणणं रोज होतं, आणि कोणी अडवत नाही. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन शब्द आहेत. ऐकणारा धरून ते 'आपण', त्याला सोडून ते 'आम्ही'. गुजरातीत हाच भेद 'आपणे' आणि 'अमे' असा आहे, म्हणून गुजरातीतून मराठीत येताना तो अलगद येतो. हिंदीच्या 'हम'मध्ये तो पुसट होतो, इंग्रजीच्या 'वी'मध्ये उरतच नाही. पावसाळ्यापूर्वीचं एक आरोग्यपत्रक मुळात गुजरातीत लिहिलं गेलं होतं: आपण सगळ्यांनी पाणी उकळून प्यावं. माझ्याकडे आलं ते त्याचं इंग्रजी, आणि त्यावरून यंत्राने केलेलं मराठी: 'आम्ही पाणी उकळून प्यायला हवे.' व्याकरणात खोट नाही. वाचणाऱ्या बाईला एवढंच कळणार, की पत्रक काढणाऱ्या साहेबांनी पाणी उकळून प्यायचं आहे. ऐकणारा त्या वाक्यातून निघून गेला, आणि इंग्रजीकडे कितीही निरखून पाहिलं तरी तो तिथे सापडत नाही. मला तो सापडला, कारण मी हट्टाने मूळ गुजराती कागद मागवून घेतला. निम्म्या दरात कागद मागवण्याचा वेळ धरलेला नसतो.

इथे मला 'लोप' हा शब्द नव्याने दिसला. पाणिनीच्या व्याकरणात लोप म्हणजे नाश नव्हे, न दिसणं. आणि प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळे होणारं कार्य होतंच, असा त्याचा नियम आहे. शब्दात प्रत्यय दिसत नाही, पण तो येऊन गेल्याची खूण शब्दावर राहते. ज्या कोणी आमच्या बीजगणिताच्या पुस्तकात हा शब्द घातला, त्यांना संस्कृत चांगलं येत असणार. दुसऱ्या ओळीतून क्ष गेला म्हणजे तो मेला नाही. त्याचं कार्य झालेलं आहे, बाकीचे आकडे त्यामुळेच आज असे आहेत, आणि खालून वर चढत गेलं की तो पूर्ण किमतीसह परत येतो. 'आम्ही'मधून जो ऐकणारा गेला, त्याचा मात्र लोप झाला नव्हता. त्याला शून्याने गुणलं होतं. हा फरक मला व्यवसायात इतकी वर्षं जाणवत होता, पण सांगता येत नव्हता. तो गणिताने सांगून दिला.

प्रत्येक गणिताला एकच उत्तर असतं असंही नाही, हे पुढच्या महिन्यात कळलं. कधी लघुकरण करता करता एक ओळ सगळी शून्यांची होते. म्हणजे तिसरं समीकरण नवीन काही सांगतच नव्हतं, पहिल्या दोघांचंच बोलणं वेगळ्या शब्दांत. मग एक चल मोकळा राहतो, त्याला हवी ती किंमत द्या, बाकीचे त्याच्यामागून येतात, आणि उकली अनंत. पण अनंत म्हणजे वाटेल ते नव्हे. त्या सगळ्या एका रेषेवर असतात. हे वाचून मला माझ्या धंद्याबद्दल जरा बरं वाटलं. आणि कधी शेवटच्या ओळीत शून्य, शून्य, शून्य आणि उजवीकडे पाच उरतात. शून्य बरोबर पाच. तेव्हा त्या तीन अटी एकत्र पाळताच येत नाहीत. लवकर हवं, स्वस्त हवं आणि माणसाने केल्यासारखं हवं, या तीन अटींची ओळ मला तिथे ओळखीची वाटली.

भाच्याच्या कॉलेजात काही शिक्षकांना असली साधनं आवडत नाहीत. आकडेमोड हाताने केली तरच हात बसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. रविवारी मी एखादं गणित कागदावर करते, आणि कुठल्या पायरीला अपूर्णांक अंगावर येणार याचा वास कागदावरच आधी लागतो. पण चौकोनाचा आकार दुप्पट झाला की श्रम सुमारे आठपट होतात, आणि हाताने करताना सगळं लक्ष सात आठं छप्पन्नमध्ये जातं. कुठली ओळ वर घ्यावी, आधी कुणाचा लोप करावा, हा विचार मागे पडतो. साधन आकडेमोड उचलून घेतं आणि विचार माझ्यापुढे ठेवतं. वाटणी अशी आहे: ठरवायचं मी, राबायचं त्याने.

माझ्या कामाच्या यंत्राने हीच वाटणी उलटी केली आहे. ठरवतं ते. शब्द कुठला, वाक्य कुठून सुरू, 'आपण' की 'आम्ही', 'तू' की 'तुम्ही'. मी राबते: स्वल्पविराम, काना, वेलांटी, मोफत पाहण्याचा कालावधी. आत मॅट्रिक्स दोन्हीकडे आहेत, यंत्र म्हणून दोघांत वैर नाही. फरक ज्यांनी ती माझ्यासमोर आणून ठेवली त्यांनी केला आहे. सरावाचं साधन बनवणाऱ्यांना उत्तर दाखवण्याचं बटण सहज ठेवता आलं असतं. संगणकाला तो चौकोन सोडवायला निमिषही लागत नाही. समोर बसलेलं माणूस शिकावं अशी त्यांची इच्छा होती, म्हणून त्यांनी ठेवलं नाही. माझ्याबद्दल तशी इच्छा कोणी धरलेली नाही.

हे नीट कळल्यावर मी कंपनीला पत्र लिहिलं. यंत्राला बंदी घाला असं नाही म्हटलं. म्हटलं, मला त्याचं तयार वाक्य नको. आधीच्या कामांत कुठली संज्ञा कशी वापरली होती तेवढं त्याने शोधून द्यावं, आकडे आणि तारखा जुळतात का ते बघावं, वाक्य माझं मला करू द्यावं. दोन ओळींचं उत्तर आलं. कार्यपद्धतीत बदल शक्य नाही, आपल्या सूचनेबद्दल आभार.

तेव्हापासून मी कामाचे दोन ढीग केले आहेत. विमा आणि यंत्रांच्या पुस्तिका त्यांच्या पद्धतीने करते, कारण विजेचं बिल त्यावर भागतं. आरोग्याची पत्रकं आणि औषधांच्या चिठ्ठ्या आल्या की उजवीकडचा स्तंभ लपवते. मूळ वाचते, शक्य असेल तर मुळाचं मूळ मागवते, माझं वाक्य लिहिते, आणि मग त्यांचं उघडून शेजारी ठेवते. कधी त्यांचा शब्द माझ्यापेक्षा चांगला निघतो, तो घेते. तासाला निम्मे शब्द होतात, म्हणजे निम्म्या दराचे पुन्हा निम्मे. हा हिशेब करायला मला कुठलंही साधन लागत नाही. भाचा म्हणतो, "मावशी, हे परवडणारं नाही." त्याचं बरोबर आहे, आणि कुठवर चालेल ते बघू. गेल्या आठवड्यात लहान मुलांच्या तापाच्या औषधाची चिठ्ठी होती. 'आपल्या मुलाला' की 'तुमच्या मुलाला' यावर मी पंधरा मिनिटं घालवली, आणि 'तुमच्या' लिहिलं.